हैदराबाद बघायला जाताना

निलंगा 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत हैदराबाद राज्यातल्या बीदर जिल्ह्यात होतं. राज्यपुनर्रचना झाली तेव्हा निलंगा, उदगीर आणि अहमदपूर हे तालुके बीदरमधून निघून उस्मानाबादला जोडले गेले आणि 1982 साली लातूर जिल्हा झाल्यावर तिकडं आले. कागदावर राजधानी मुंबई झाली. पण कुणी "शहर बघून आलो" म्हणालं की कोणतं शहर, हे आमच्या बाजूला पुढची कित्येक वर्षं विचारावं लागत नव्हतं. चारमिनार, गोवळकोंडा, सालारजंगचं म्युझियम, झू, बिर्ला मंदिर. खरिपाची रास घरात आली, हातात चार पैसे आले, की दोस्तांची टोळी निघायची.

त्या जागा सगळ्या आहेत. त्यांच्यापर्यंत पोचताना आणि त्या बघताना जे जे लागायचं, त्यातलं बरंच गेलं, काही जायच्या वाटेवर आहे. त्याची ही नोंद, आठवेल त्या क्रमानं.

तिकिटांचा ट्रे. निलंग्याहून निघालं की औराद शहाजानी, मग कर्नाटकाची हद्द, भालकी, बीदर, जहिराबाद, संगारेड्डी. अंतर दोनशे किलोमीटरच्या आसपास. पाट्या आधी मराठी, मग कन्नड, मग तेलुगू. कंडक्टरच्या हातात पत्र्याची पेटी, तिच्यात रंगीत तिकिटांच्या गड्ड्या. हैदराबादच्या भाड्याचं एक तिकीट नसायचंच. चार-पाच रंगांची मिळून भाडं पुरं व्हायचं आणि प्रत्येकाला पंचचं भोक पडायचं. सगळ्यांची तिकिटं एकाच्याच खिशात, कारण चेकर चढला तर बोलायचं एकानंच. आता मशीनमधून पांढरी चिठ्ठी निघते. बहुतेक टोळ्या तर गाडी करूनच जातात आणि बीदर बाहेरच्या बाहेर मागं पडतं.

गौळीगुड्याचं छत. हैदराबादेत पाय पडायचा तो या बसस्थानकाच्या छताखाली. विमानं ठेवायच्या हँगरसारखं लोखंडी, कमानीसारखं वळलेलं, मध्ये एकही खांब नाही. 1932 साली निजाम सरकारच्या रेल्वेनं बसगाड्या सुरू केल्या, त्या काळापासूनचं हे ठिकाण. मुसी नदीच्या पात्रातलं इमलीबनचं मोठं बसस्थानक 1994 मध्ये झालं, लांबच्या गाड्या तिकडं गेल्या आणि इथं शहरातल्या बस उरल्या. 5 जुलै 2018 रोजी हे छत कोसळलं. धोका ओळखून ते आधीच रिकामं केलं होतं, म्हणून जीव वाचले. छताखाली उतरल्या उतरल्या डिझेलचा वास, हमालांची दखनी आणि उन्हाचे पट्टे एकदम अंगावर यायचे. गावाकडच्या पोराला शहर सुरू झालं हे तिथंच कळायचं. चारमिनार अजून दोन किलोमीटर पुढं असायचा.

ओळखीचं घर. सुलतान बाजार, बडी चावडी, काचीगुडा. इथं मराठी कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या राहत होती. विवेक वर्धिनी ही शंभर वर्षांहून जुनी शाळा त्यांनी चालवली, मराठी ग्रंथसंग्रहालय उभं केलं. टोळीतल्या एकाचे तरी मामा नाहीतर मावसे त्या गल्ल्यांत असायचेच. चिठ्ठी आधी गेली तर गेली, नाहीतर दारात उभं राहून गावाचं आणि वडलांचं नाव सांगायचं. गच्चीवर सतरंजी पडायची. सकाळी न्हाणीघराची रांग, आणि मामींचा ठरलेला प्रश्न, "रातच्याला जेवायला हाव का बाहेर?" त्या घरांनी मराठवाड्यातल्या किती पोरांना परीक्षेला, दवाखान्याला, नोकरीच्या अर्जाला आणि निव्वळ चारमिनार बघायला थारा दिला, त्याची कुठं नोंद नाही. असायला हवी होती. आता मुलं पुण्याला किंवा परदेशी, जुन्या घरांच्या जागी दुकानांचे मजले. फोनवरून खोली आधीच घेतलेली असते, आणि मामा त्याच गल्लीत राहत असले तरी टोळीला ते माहीत नसतं.

दशम्या. दुधात भिजवलेल्या, म्हणून दोन दिवस मऊ राहणाऱ्या. सोबत शेंगदाण्याची चटणी. सोडायची जागाही ठरलेली, नामपल्लीची बाग-ए-आम, विधानसभेला लागून असलेली. तिथं सावली होती.

खजिनदार. यावर जरा थांबतो, कारण टोळीतलं हे सगळ्यांत अवघड काम होतं.

निघायच्या आधी प्रत्येकानं वर्गणी द्यायची आणि ती एकाच्या स्वाधीन करायची. त्यानं ती बंडीच्या आतल्या खिशात ठेवायची. वरच्या खिशात छोटी वही आणि पेन्सिलीचा तुकडा. रिक्षा. चहा. झूचं तिकीट. चप्पल शिवली, 2 रु. रात्री गच्चीवर हिशेब मोठ्यानं वाचून दाखवायचा आणि सगळ्यांनी "बरोबर" म्हणायचं. आमच्या आजोबांच्या काळी हा हिशेब निजामाच्या हाली सिक्क्यात चालायचा, सात हाली म्हणजे इंग्रजांचे सहा कलदार. आकडे बदलले, रीत तीच राहिली. या रितीतली खरी गोष्ट वहीत लिहिली जायची नाही. टोळीतल्या एखाद्याकडं पुरे पैसे नसायचे. कुणाचं सोयाबीन गेलेलं, कुणाच्या घरात आजारपण. तो निघायच्या आदल्या दिवशी खजिनदाराला गाठून जमतील तेवढे द्यायचा. खजिनदार ते घ्यायचा आणि कुणाजवळ बोलायचा नाही. वहीत पहिल्या पानावर वर्गणी एकत्र लिहिलेली, नावानिशी नाही. कुणी किती दिले हे एकाच माणसाला ठाऊक, आणि त्यानं ते तोंडातून काढायचं नाही म्हणूनच त्याला खजिनदार केलेलं. पोरं आता फोनवर खर्च भागून घेतात. पैशापैशाचा वाटा निघतो, आणि ज्यानं भरला नाही त्याचं नाव सगळ्यांच्या पडद्यावर लाल अक्षरात दिसतं. हिशेब चोख झाला, पण हात आखडलेला दोस्त आता पहिल्यासारखा येत नाही. "काम हाय" म्हणून घरीच राहतो.

दोरा. घरातून निघताना आई, बहीण किंवा बायको हातात एक दोरा द्यायची. अंगठा आत दुमडायचा, बोटांच्या मुळाशी जिथं हात सगळ्यांत रुंद होतो तिथून दोरा फिरवायचा आणि गाठ मारायची. बांगडीचं माप. काही घरांतून जुनी काचेची बांगडीच यायची, पण ती वाटेत फुटायची, म्हणून दोरा बरा. प्रत्येक दोऱ्याची वेगळी पुडी, तिच्यावर पेन्सिलीनं खूण, म्हणजे एकाच्या बायकोचं माप दुसऱ्याच्या बहिणीला जायचं नाही. चारमिनारच्या पश्चिमेला लाड बाजार. लाखेच्या बांगड्या, मऊ लाखेत एकेक खडा चिमट्यानं बसवलेल्या. दुकानदार दोरा दोन बोटांवर ताणून धरायचा, लाकडी सुळक्यावर उतरवायचा आणि म्हणायचा, "दो-चार." म्हणजे दोन इंच आणि वर चार आणे, सव्वादोन. दुसरा दोरा, "दो-छे." त्याची नजर चुकायची नाही. गावातल्या कितीतरी बायकांनी हैदराबाद पाहिलं नाही, पण त्यांच्या हाताचं माप लाड बाजारापर्यंत जाऊन आलं. हैदराबादच्या लाखेच्या बांगड्यांना 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ते योग्यच झालं, कारागीर टिकायला हवेत. आता दुकानातूनच व्हिडिओ कॉल लागतो आणि रंग घरची माणसं स्वतः निवडतात. त्यांच्यासाठी हे फार चांगलं आहे. माप विचारलं की सांगतात, "दोन-सहा." दोरा कुणाला लागत नाही.

छत्तीस फोटो. कॅमेरा टोळीत एकाचाच, तोही बहुतेक उसना. एका रोलमध्ये छत्तीस, नशीब असलं तर सदतीसावा. त्याची वाटणी गावातूनच करून निघायचं. चारमिनारला सगळ्यांचा मिळून एक, गोवळकोंड्याला दोन, प्रत्येकाचा एकट्याचा एक, आणि हुसेनसागरावर बुद्ध आल्यावर त्याला एक राखीव. एकाच दगडातला तो अठरा मीटरचा पुतळा 1990 मध्ये तराफ्यावरून नेताना तळ्यात बुडाला, माणसं गेली, आणि दोन वर्षांनी वर काढून उभा केला. ही हकीकत ठाऊक असल्यामुळं त्याच्यापुढं उभं राहताना पोरं गप्प व्हायची. चारमिनारचे चारही मिनार एका फोटोत यायचे तर उत्तरेला पार गुलजार हौजाकडं मागं सरकावं लागे. मधून रिक्षा, हातगाड्या, सायकली. कॅमेरावाला डोळा लावून उभा आणि बाकीचे रस्ता मोकळा व्हायची वाट बघत श्वास धरून. आता चारमिनारभोवती वाहनं येऊ देत नाहीत, फरशी घातली आहे, फोटो निवांत निघतो. 1591 च्या त्या इमारतीला धुरापासून आणि हादऱ्यापासून वाचवलं याचा आनंदच आहे.

रोल धुवायला टाकला की आठ दिवस थांबायचं. पाकीट एकट्यानं उघडायचं नाही असा नियम. स्टुडिओच्या काउंटरवर सगळ्यांची डोकी एकत्र. पहिला फोटो अर्धा जळालेला. मग निगेटिव्ह उजेडाकडं धरून ठरवायचं, कोणत्या नंबरच्या किती कॉप्या, आणि पाकिटावर पेनानं लिहायचं: 7 अ च्या पाच, 12 च्या पाच, 19 ची एक. ती एक कॉपी ज्याच्या लग्नाचं चाललेलं असायचं त्याची. कॅमेरावाला कोणत्याच फोटोत नसायचा. आज हजार फोटो निघतात आणि सगळे त्यात असतात. पण निलंग्यात कुणाच्या भिंतीवर चारमिनारपुढचा टोळीचा फोटो दिसला, तर तो रोलच्याच काळातला असतो.

डबलडेकर. सिकंदराबादहून झूला जाणारी 7 झेड. वरच्या मजल्यावर सगळ्यांत पुढची सीट. 2000 नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत या गाड्या बंद झाल्या. 2023 मध्ये विजेवरच्या आल्या.

एसटीडी बूथ, त्यातलं पळणारं लाल मीटर. पोस्टाच्या पेटीत टाकलेलं "सुखरूप पोचलो"चं कार्ड, जे आपण परत आल्यावर घरी यायचं. क्लोकरूमचा पितळी बिल्ला.

टाळी. गोवळकोंड्याच्या फतेह दरवाजाच्या घुमटाखाली विशिष्ट जागी टाळी वाजवली की वर बाला हिसारवर ऐकू येते. मध्ये जवळपास किलोमीटरभर अंतर आणि मोठी चढण. औरंगजेबाला 1687 मध्ये आठ महिन्यांच्या वेढ्यानंतर किल्ला मिळाला तोही फितुरीनं, या दरवाजातून. टाळीची खातरजमा करायची तर टोळी दोन ठिकाणी हवी. निम्मे वर, निम्मे खाली. वरच्यांना किती वेळ लागेल याचा अंदाज बांधून खालच्यांनी तीन टाळ्या द्यायच्या, थांबायचं, पुन्हा तीन. वरच्यांनी मोजायच्या. संध्याकाळी भेट झाल्यावर ताळा जुळवायचा: "दुसऱ्या बारीला दोनच आल्या." "तिसरी याची हळू पडली." चारशे वर्षांपूर्वीच्या माणसांनी दगडात केलेली करामत टोळीनं स्वतः तपासून घेतलेली असायची, आणि त्यामुळं ती जन्मभर ध्यानात राहायची. आता दरवाजाखाली एका वेळी पन्नास जण टाळ्या वाजवतात आणि वरच्याला फोन लावून विचारतात, "आली का?" वर कुणाची टाळी पोचली ते कळायला मार्ग नाही. सकाळी दार उघडल्या उघडल्या गेलं तर अजून येते. ज्यांना जमेल त्यांनी तसंच जावं.

सांगणारा. सालारजंग म्युझियम 1951 मध्ये दिवाण देवडीत उघडलं, 1968 मध्ये मुसीकाठच्या आत्ताच्या इमारतीत आलं. पूर्वी कॅमेरा दारात ठेवावा लागे. आत बघितलं ते डोळ्यांत साठवूनच बाहेर यायचं, म्हणून टोळीत एक सांगणारा हवा. तो फिरताना मागं राहायचा. बेन्झोनीची रिबेका, 1876 ची, संगमरवरी बुरख्यातली. बुरखा दगडाचाच, आणि त्यातून चेहरा दिसतो. बाकीचे पुढं सरकायचे आणि हा तिच्याभोवती फिरून नाकाची रेघ कुठून जास्त स्पष्ट दिसते ते बघायचा. मग चौकातलं कलकत्त्याच्या कुक अँड केल्व्हीचं घड्याळ. दर तासाला आतून एक दाढीवाला इवलासा माणूस येतो आणि टोले देऊन परत जातो. बाराला बारा टोले, म्हणून पावणेबारापासून बाकं भरलेली. सांगणारा त्या माणसाचे टोले मोजायचा नाही, दार कुठल्या बाजूला उघडतं आणि हातोडी कशी उचलली जाते ते बघायचा.

गावी आल्यावर मारुतीच्या पारावर, नंतर घरोघरी, त्याला बोलावणं यायचं. ऐकणाऱ्यांचे प्रश्न अवघड असायचे. "ती बाई बुरख्याआड हसती का रडती?" "मान्सू बाहेर आल्यावर दार उघडंच ऱ्हातं का?" "तेवढा दगड पातळ करताना फुटला कसा नाही?" उत्तर आलं नाही तर पुढच्या खेपेला जाणाऱ्यावर ते बघून यायची जबाबदारी. अशा रीतीनं न गेलेली माणसंही वस्तू बघायला पाठवत होती. आता म्युझियममध्ये फोन चालतो, फोटो त्याच मिनिटाला गावात पोचतो. म्हातारी पडद्यावर बघते, "झाक हाय" म्हणते आणि फोन परत देते.

खजिनदार, कॅमेरावाला, सांगणारा, मामा असलेला, चेकरशी बोलणारा. टोळीत प्रत्येकाकडं एक काम होतं, आणि एक जरी गळाला तरी शहर अर्धं बघून यावं लागे. शहर एवढं मोठं की एकट्याच्या आवाक्यात यायचं नाही, म्हणून दोस्त लागत. ही सगळी कामं आता ज्याच्या त्याच्या खिशातल्या फोनमध्ये आहेत. पोरं आजही पाच-सहा मिळून जातात, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून हिंडतात, त्यांची दोस्ती आमच्याहून उणी नाही. पण त्यांतल्या कुणालाही कुणावाचून अडत नाही. माझ्या मते गेलेल्या सगळ्या वस्तूंच्या मागं गेलेली गोष्ट ही आहे.

पौना. इराणी हॉटेलातला दाट चहा, संगमरवरी टेबल, सोबत उस्मानिया बिस्कीट. हॉटेलं कमी होत चालली, बिस्कीट मात्र डब्यात बसून विमानतळापर्यंत गेलं.

सुदर्शन 70 एमएम. आरटीसी क्रॉस रोडवरचं, शेवटच्या रात्रीचा सिनेमा तिथं. तेलुगूतलं अक्षर कळायचं नाही, शिट्ट्या बरोबर जागी पडायच्या. थिएटर पाडलं गेलं.

यादीत एक जमेची नोंदही करायला हवी. या टोळ्या पोरांच्याच होत्या. आमच्या आयांनी हैदराबाद पाहिलं ते उस्मानिया दवाखान्याच्या व्हरांड्यातून, नाहीतर एल. व्ही. प्रसादच्या डोळ्यांच्या इस्पितळात नंबर लागेपर्यंत. चारमिनार त्यांना दिसला तो रिक्षा वळता वळता. आज निलंगा तालुक्यातल्या मुली हैदराबादला शिकायला आणि नोकरीला आहेत. सुटीच्या दिवशी मैत्रिणी मिळून मेट्रोनं निघतात, रात्री चारमिनारवर दिवे लागल्यावर लाड बाजारात स्वतःच्या हातात बांगड्या भरून बघतात, निवांत परततात. वर जे जे गेलं म्हणून लिहिलं, ते सगळं एका पारड्यात टाकलं तरी हे पारडं जड आहे.

शेवटची नोंद उर्दू वाचणाऱ्याची. निजामाच्या राज्यात सरकारी कारभार उर्दूत होता. 1918 मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात उच्च शिक्षणही उर्दूतून. आमच्याकडच्या मराठी घरांतली, पुढच्या शाळेत गेलेली त्या काळची पोरं उर्दू लिहीत-वाचत मोठी झाली. टोळीबरोबर असा एखादा काका आला की शहराचं रूप बदलायचं. आम्हाला पत्थरगट्टीच्या दुकानांवरच्या पाट्या म्हणजे वेलबुट्टी. काका चालता चालता वाचत जायचे: अमुक अत्तरवाले, तमुक हकीम, इथं घड्याळं दुरुस्त होतात. मक्का मशिदीच्या बाजूच्या एका जुन्या पाटीपुढं थांबून त्यांनी दोन ओळी म्हटल्या आणि मान हलवली. पानवाल्यानं त्यांच्या डोक्यावरची गांधी टोपी पाहिली, त्यांची जबान ऐकली, आणि पैसे घ्यायला तयार होईना. "आप तो हमारेच जमाने के है." काका म्हणाले, "हौ, जमाना एकच था." 17 सप्टेंबर 1948 च्या आधीचं सगळं त्या माणसानं भोगलं होतं. रझाकारांच्या भीतीनं त्यांच्या घरच्यांनी रात्री शेतात काढल्या होत्या. भाषेवर मात्र त्यांनी राग धरला नाही.

निलंग्यात आज उर्दू शिकणारी मुलं आहेत, छापील पुस्तक ती सहज वाचतात. पण जुन्या पटवाऱ्यांच्या हातचं शिकस्ता, घाईघाईनं एकात एक गुंतवलेलं अक्षर, नुसती उर्दू येऊन सुटत नाही. ते ज्यांना सुटतं ती माणसं आता नव्वदीच्या घरात आहेत, आणि तालुक्यात कितीतरी घरांच्या ट्रंकेत त्या काळची कागदं पडून आहेत: खासरे, पावत्या, वाटणीपत्रं, आजोबांची शाळेची दाखलापत्रं. ज्यांच्याकडं ती आहेत त्यांनी पुढच्या सुगीची वाट बघू नये. सकाळच्या उजेडात, म्हाताऱ्याला बैठक सोसवते तोवर, शेजारी लिहून घ्यायला कुणाला तरी बसवून ती वाचून घ्यावीत.